डॅशबोर्डवरची जागा

"हिचं नाव काय म्हणालात?" तात्या आवटींनी पुन्हा विचारलं.

"ॲव्हेरो," राजवाडे म्हणाला.

"आहेरो?"

"ॲ-व्हे-रो."

"बरं बरं. आहेर तर आहेर. दारात आलाय म्हटल्यावर घ्यायला पाहिजे."

मार्चातलं सांगलीचं ऊन. ट्रकला लावलेल्या लोखंडी फळ्यांवरून नवी गाडी इंचाइंचानं खाली येत होती, आणि मी शोरूमच्या पायरीवर उभा राहून मान पुसत होतो. ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा मी एका देशी मोटार कंपनीचा एरिया मॅनेजर होतो. पद ऐकायला भारी. काम म्हणजे सातारा, कऱ्हाड, सांगली, कोल्हापूर असं फिरायचं, डीलरांच्या शिव्या खायच्या, आणि त्याच शिव्या धुऊन, इस्त्री करून पुण्याला कळवायच्या. पुण्यात त्या कुणी वाचत नसे, हेही मला माहीत होतं. तरी कळवायचो. पगार त्याचाच होता.

मिहीर राजवाडे आमच्या डिझाइन विभागाचा प्रमुख. इटलीत शिकून आलेला, माझ्याहून बराच लहान, पण माणूस सरळ. ह्या गाडीचं आतलं सगळं त्यानं केलेलं. गाडी बाजारात यायला अजून महिना होता, पण पहिली गाडी सांगलीला आणली होती ती तात्यांना दाखवायला. दाखवायला कसली, तात्यांना धरून ठेवायला. एका कोरियन कंपनीनं त्यांना डीलरशिप देऊ केली होती, आणि तात्या गेले तर मागोमाग कोल्हापूर आणि कऱ्हाड जाणार हे उघड होतं. मग माझा विभाग म्हणजे नुसता नकाशा उरला असता.

गाडी खाली आली. तात्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. मला बाजूला घेतलं.

"धायगुडे, तुमच्याशी लपवाछपवी करत न्हाई. आज संध्याकाळी त्यो कोरियाचा पार्क येणार हाय. कागद घेऊन. पर मला जायचं न्हाई. आमच्या आबांनी तुमची पहिली सारथी गाडी विकली ह्या गावात. आबा गेले तवा तुमचे जुने मालक दारात येऊन बसले होते. ते मी विसरत न्हाई. तुमची ही गाडी मला पटली, तर पार्कला चहा पाजतो, भडंगाची पिशवी देतो, आणि वाटंला लावतो."

"पटेल तात्या," मी म्हणालो. "चांगली झाली आहे."

"तुम्ही बसलाय का आत?"

"नाही अजून."

"मग?" तात्या हसले. "चला. आधी गणपतीला जाऊन येऊ. मग बोलू."

सांगलीत नवी गाडी घरी जायच्या आधी गणपतीच्या देवळात जाते. हे सगळ्यांचंच. पण आवटींच्या घरची रीत एक पाऊल पुढची होती. आबांनी पहिल्या सारथीच्या डॅशबोर्डवर एक पितळेचा गणपती बसवला होता, मुठीएवढा, पायाशी उंदीर. पुढे कंपनीचं जे जे नवं मॉडेल आलं, त्यातल्या पहिल्या गाडीत तोच गणपती बसायचा, देवळापर्यंत जायचा आणि परत देव्हाऱ्यात यायचा. पहिली गाडी बाप्पा चालवतो, असं आबा म्हणायचे. सारथीचा डॅशबोर्ड म्हणजे सरळ फळीच होती. तिच्यावर गणपती काय, चहाचा कप ठेवून लोक कोकणात उतरायचे.

शकूवहिनी ताट घेऊन बाहेर आल्या. हळद, कुंकू, नारळ, लिंबं आणि मध्ये तो गणपती. इरकल नेसल्या होत्या.

"भावजी, तुम्ही चालवा," त्या मला म्हणाल्या. "ह्यांच्या हातात नवी गाडी नको. खड्डा दिसला की तिकडंच जातात."

वहिनी माझ्या शेजारी बसल्या, तात्या आणि राजवाडे मागे. गाडीचं दार मऊ आवाज करून लागलं. आतला रंग, शिवण, वाऱ्याची भोकं, सगळं खरंच देखणं होतं. मला बरं वाटलं. म्हटलं, ह्या वेळी जमलं म्हणायचं.

वहिनींनी गणपतीला कुंकू लावलं, हात जोडले आणि त्याला समोर ठेवला. तो हळूच घसरत त्यांच्याकडे आला. त्यांनी परत ठेवला. परत आला. मग मधोमध ठेवून पाहिला, मग डाव्या कडेला. डॅशबोर्ड काचेपासून आपल्याकडे उतरत आलेला होता, एखाद्या पत्र्याच्या छपरासारखा. सपाट अशी बोटभर जागा नव्हती.

"बसत न्हाई हो," त्या मागे वळून म्हणाल्या.

तात्यांनी मान पुढे काढून पाहिलं.

"त्याचं काय आहे वहिनी," राजवाडे पुढे वाकून म्हणाला, "तिथं उतार मुद्दाम दिला आहे. काचेत प्रतिबिंब पडत नाही. आणि खाली एअरबॅग आहे. वर जड वस्तू असू नये."

"बरोबर हाय की," वहिनी म्हणाल्या. "मग बाप्पानं बसायचं कुठं?"

राजवाडे म्हणाला, "एक मिनिट हं," आणि उतरून समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेला. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप घेऊन आला. इटलीत शिकलेला माणूस उन्हात गाडीच्या दारात वाकून, दातानं टेप तोडून गणपतीच्या बुडाला लावत होता. मला त्याची दया आली. आपल्या हातानं केलेल्या त्या सुंदर दाणेदार प्लास्टिकवर त्यानं टेप दाबून धरली, नीट चिकटल्याची खात्री केली आणि मग मागे जाऊन बसला.

"चला," तात्या म्हणाले.

विश्रामबागेतून गाडी सरळ निघाली. गणपती बसला होता, जरा तिरका, पण बसला होता. वहिनी त्याच्याकडे बघत हात अर्धवट पुढे धरून बसल्या होत्या. मी गाडी इतकी हळू चालवत होतो की सायकलवाले पुढे जात होते.

"धायगुडे," मागून तात्या म्हणाले, "गेल्या साली महाबळेश्वरला डीलरांची मीटिंग झाली. आठवतंय?"

"आठवतं."

"मी उभा राहून काय मागितलं होतं?"

मला आठवत होतं. न आठवायला काय झालं? मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये तात्या माईक हातात घेऊन उभे राहिले होते. म्हणाले होते, नव्या गाडीत दोन गोष्टी करा. मागच्या काचेचं हँडल गळून पडतं ते तेवढं घट्ट करा, आणि डॅशबोर्डवर बाप्पाला तळहाताएवढी जागा ठेवा. हॉल हसला होता. कुणीतरी मागून "बाप्पा मोरया" म्हटलं होतं. आमचे सेल्सचे मुख्य, दांडेकरसाहेब, तेही हसले होते आणि म्हणाले होते, "बघतो, तात्या. जरूर बघतो."

"जागेचं म्हणाला होतात," मी म्हणालो.

"हां," तात्या म्हणाले. "तेवढं आठवतंय म्हंजे झालं."

पुढे एक स्पीडब्रेकर होता. मी पाहिला होता, गाडी अगदी हळू चढवली होती. पण ऊन होतं आणि टेपचा गोंद पातळ झाला होता. गणपती सुटला, घसरला, वहिनींच्या हातातून निसटला आणि खाली त्यांच्या पायाशी, पायपुसण्यावर पडला.

वहिनींनी झटकन दोन्ही पाय वर सीटवर घेतले. ताट मांडीवर तसंच. कुंकू सगळ्या इरकलीवर सांडलं. मी गाडी कडेला घेतली. वहिनी तशाच पाय वर घेऊन वाकल्या, त्यांनी गणपती उचलला, पदरानं पुसला, कपाळाला लावला. दोनदा लावला. मग मांडीत घेऊन बसल्या.

"चला भावजी," त्या हळू म्हणाल्या. "चूक त्याची न्हाई, कुणाचीच न्हाई."

आरशात मला राजवाडे दिसत होता. खिडकीबाहेर बघत होता. कानशिलं लाल झाली होती.

देवळासमोर हारवाल्यांच्या ओळीत एक गोरापान, डोक्यावर टोपी घातलेला माणूस स्टुलावर बसला होता. हातात भडंगाचा पुडा. आमची गाडी थांबली तसा तो उठला आणि त्यानं तात्यांना कमरेत वाकून नमस्कार केला.

"हे पार्कसाहेब," तात्या मला म्हणाले. "सांगितलं न्हवतं का, संध्याकाळी येणार म्हणून. लौकर आल्यात."

"लौकर कुठलं," हारवाली म्हणाली. "हे रोज हितंच असतात. गेल्या दिवाळीला पण होते. माझा धंदा बघत बसतात. मी म्हटलं, हार घ्या, तर हसतात."

मला वाटलं, असेल हौस. परदेशी माणसाला देऊळ, घंटा, फुलं ह्याचं कौतुक असतंच.

गुरुजी आले. बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. मी गाडी थोडी पुढे घेतली, लिंबं चिरडली. पार्क बाजूला उभा राहून बघत होता. तो आमच्या गाडीच्या दिव्यांकडे बघत नव्हता, रंगाकडे बघत नव्हता. वहिनींच्या मांडीतल्या गणपतीकडे बघत होता. मग त्यानं वाकून काचेतून आमच्या डॅशबोर्डकडे पाहिलं, त्यावर राहिलेल्या टेपच्या तुकड्याकडे पाहिलं, आणि नजर दुसरीकडे वळवली. तेवढी सभ्यता त्याच्यात होती.

परत शोरूमला आलो. तात्यांच्या खोलीत भिंतीवर आबांचा फोटो, सारथीच्या टपावर हात ठेवलेला. खाली आम्ही पाच जण. चहा आला. राजवाडेनं घेतला नाही.

पार्क आपल्या गाडीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. टेबलावर ठेवून टॉवेल काढला. डॅशबोर्डचा एक तुकडा होता. रंग न दिलेला, राखाडी, कडा अजून तासायच्या राहिलेल्या. मधोमध तळहाताएवढी सपाट जागा, भोवती बारीकशी कड. एअरबॅगपासून लांब, काचेच्याही जरा खाली.

तो त्याच्या तुटक हिंदीत वहिनींना म्हणाला, "मॅडम, रखिए. प्लीज."

वहिनींनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी मान हलवली. त्यांनी गणपती मांडीतून उचलला आणि त्या जागेत ठेवला. बसला. त्यांनी टेबल हलवून पाहिलं. गणपती हलला नाही.

पार्क खाली वाकून गणपतीच्या समोर डोळे आणून बघू लागला. मग बोटानं पुढच्या कडेकडे दाखवलं. ती बाकीच्या तीन बाजूंपेक्षा बुटकी होती.

"चूहा," तो गंभीरपणे म्हणाला. "चूहा दिखना चाहिए. ना?"

वहिनी हसल्या. सबंध दिवसात पहिल्यांदा हसल्या. "हो हो," म्हणाल्या, "उंदीर दिसायलाच पाहिजे की. त्यो तर ड्रायव्हर."

तात्यांनी ते त्याला हिंदीत समजावलं, आणि तोही हसला. मी राजवाडेकडे पाहिलं. तो त्या राखाडी तुकड्यावरून बोट फिरवत होता, कडेच्या आतल्या बाजूनं, वळणावरून. कारागीर माणूस. काम चांगलं झालेलं त्याला न कळून कसं चालेल?

मग तात्यांनी पार्कला खुणेनं बसायला सांगितलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"धायगुडे, मला अजून बी जायचं न्हाई. गणपतीचं राहू द्या, गोष्ट गणपतीची न्हाई. हँडलचं मी किती वर्षं सांगतोय? पावसाचं पाणी मागच्या दारातनं आत येतं, सांगतोय. दरवेळी मला काय ऐकायला मिळतं, गिऱ्हाइकाला सवय होईल. झाली की सवय, गिऱ्हाइकाला दुसऱ्याची गाडी घ्यायची सवय झाली." ते थांबले. "पर आबा आहेत वर भिंतीवर. म्हणून एकदाच मागतो. तुम्ही आत्ता पुण्याला फोन लावा. ह्या गाडीच्या पुढच्या खेपेला एवढी जागा करून देतो, एवढं हो म्हणू द्या. मी हे कागद परत करतो. माझा शब्द."

"तात्या, नवा साचा करावा लागेल," राजवाडे हळू म्हणाला. "सोपं नाही. पण होण्यासारखं आहे. मी करीन. वरून हो आलं तर मी करीन."

"ऐकलंत?" तात्या मला म्हणाले. "करणारा तयार हाय. लावा फोन."

मी व्हरांड्यात गेलो. दांडेकरसाहेबांना फोन लावला. ते कुठल्यातरी बैठकीत होते, घाईत होते. मी सगळं सांगितलं. गणपती पडल्याचंही सांगितलं. पार्कचा तुकडा सांगितला. साहेब, नुसतं हो म्हणा, सांगली राहते, असं म्हणालो. मी आयुष्यात कुणापुढे इतकी गयावया केली नव्हती. माझ्या लग्नात सासऱ्यापुढेही नाही.

मग ते म्हणाले, "धायगुडे, तू जुना माणूस. तुला काय शिकवायचं? त्यांना सांग, बघतो म्हणून. आजचा दिवस निघेल."

"साहेब, तात्यांना तो शब्द—"

"सांग, बघतो. ठेवतो मी."

मी फोन खिशात घातला. व्हरांड्यात थोडा उभा राहिलो. समोर आमची गाडी उभी होती, बॉनेटवर स्वस्तिक, चाकाला लिंबाचा रस लागलेला. खोटं बोलावं असं मनात आलं नाही असं नाही. हो म्हणाले, एवढंच सांगायचं होतं. पण पुढच्या महिन्यात तेच तोंड घेऊन परत सांगलीतच यायचं होतं. आणि खरं सांगू, मी थकलो होतो. खोटं बोलायलाही अंगात थोडी ताकद लागते.

आत गेलो. सगळे माझ्याकडे बघत होते. पार्कसुद्धा.

"काय म्हणाले?" तात्यांनी विचारलं.

"बघतो म्हणाले."

वहिनींनी गणपती त्या तुकड्यावरून उचलला आणि पदरात धरला. तात्यांनी आबांच्या फोटोकडे पाहिलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि पार्ककडे हात केला.

"ह्या माणसाला मी तेच सांगितलं होतं बघा," ते म्हणाले. "तुमच्या मीटिंगनंतर लगेच. म्हटलं, बाप्पाला जागा पाहिजे. ह्याला धड मराठी येत न्हाई. बघतो म्हणायला ह्याला येत न्हाई. म्हणून बिचारा देवळापुढं येऊन नुसता बघत बसला."

आणि त्यांनी पार्कचे कागद पुढे ओढले. सही झाल्यावर ते उठले, माझ्याजवळ आले, माझे दोन्ही हात हातात घेतले.

"तुमच्यावर राग न्हाई हां, धायगुडे. येत जावा. कंपनीचं काम नसलं तरी येत जावा."

वहिनींनी आम्हा दोघांच्या हातात भडंगाची पिशवी दिली. पार्कला द्यायची ठरली होती ती आम्हाला मिळाली.

ॲव्हेरो आम्हीच परत पुण्याला घेऊन निघालो. ऊन उतरलं होतं. इस्लामपूर गेलं तसा राजवाडे सीटवर पुढे सरकला. मग समोरच्या टेपच्या तुकड्याला नखानं खरवडत म्हणाला, "माझ्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये जागा होती."

"काय?"

"सपाट जागा. मधोमध. माझी आई पाच गाड्यांत गणपती चिकटवून बसली आहे, मला माहीत नाही का? काढली होती मी जागा. समितीत दांडेकर म्हणाले, परदेशी कंपन्यांशी स्पर्धा करायची आहे आपल्याला, हे असलं गावठी दिसता कामा नये. सगळे हो म्हणाले." टेप निघाली नाही. तिच्यावर नुसते ओरखडे उमटले. "मीपण हो म्हणालो."

पेठ नाक्याला गाडी थांबवली. टपरीवर चहा सांगितला. राजवाडे हात-तोंड धुवायला नळावर गेला. मी पहिला घोट घेतो आहे तोच फोन वाजला. कोल्हापूरचे इंगवले. सांगलीची बातमी आमच्याआधी कोल्हापूरला पोहोचली होती.

"काय धायगुडेसाहेब, तात्यांचं ऐकलं ते खरं का?"

"खरं."

"अहो, मग आम्ही काय करायचं? आमचं बी वाईपर, पाणी, सगळं तेच रडगाणं. पार्क काय, उद्या आमच्या दारात येतोय. आम्हाला तसं जायचं न्हाई बघा. वरून आमच्यासाठी काही करता येतंय का?"

माझ्या तोंडात एकच शब्द आला होता. अगदी ओठापर्यंत आला होता. तो मी चहाबरोबर गिळला, "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" असं म्हणालो आणि फोन ठेवून दिला.